दीक्षाची नोंद

चिक्कडपल्ली, हैदराबाद
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

प्रिय देवराव,

सप्रेम जयभीम.

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. पहिल्यावर खुशालीच्या चार ओळी तरी होत्या, दुसऱ्यावर नुसतं "नोंदीचं काय झालं?" एवढंच. कॉलेजात असताना मला आठ-आठ पानं लिहिणारा तूच का तो, असं वाटलं. रेल्वेने तुला तारेची भाषा शिकवलेली दिसते. फाइल येऊन अठरा दिवस झाले आणि मी साधी पोचही दिली नाही, हे माझं चुकलंच. पण उत्तर लिहायला बसले की काहीतरी निमित्त काढून उठत होते. दिवाळीचं निमित्त तर आयतंच होतं. भांडी घासायची राहिली, गॅसचा नंबर लावायचा राहिला, अनारशांचं पीठ बिघडलं. खरं सांगायचं तर मला लिहायचंच नव्हतं.

एकदा एसटीडी बूथपर्यंत गेलेही. आमच्या एवढ्याशा गल्लीत आता तीन बूथ झालेत, पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती. काचेच्या खोलीत उभी राहिले, तुझ्या गुंतकलच्या ऑफिसचा नंबर फिरवला, समोर लाल आकडे पळायला लागले आणि मी रिसीव्हर खाली ठेवून दिला. बूथवाला म्हणाला, "लगा नै क्या अम्मा?" मी म्हटलं, नाही लागला. बाहेर चार माणसं ताटकळत असताना काचेच्या खोलीतून ओरडून सांगण्यासारखं हे नाही. मघाशी आमचे हे डोकावून गेले. एवढा मोठा मजकूर कुणाला, म्हणून विचारलं. देवरावला, म्हटल्यावर म्हणाले, माझा नमस्कार लिही, आणि पुढच्या वर्षी रिटायर झाला की इकडेच ये म्हणावं, बुद्धिबळाला कोणी उरलेलं नाही. तो निरोप पोचवला. बाकीचं त्यांना वाचायला दिलेलं नाही.

आधी कोशाचं सांगते, कारण मीच एकटी सगळं ठरवते असा तुझा समज दिसतो. तसं नाही. आम्ही आठ जण आहोत, त्यात बाई मी एकटी. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठी माणसांचा चरित्रकोश, पहिला खंड तू पाहिलाच आहेस, त्यात सगळे वकील, शिक्षक आणि सत्याग्रही. दुसऱ्यात कलावंत आणि खेळाडू घ्यायचे ठरले. दर रविवारी अकरा वाजता मंडळाच्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही बसतो. माणसागणिक एक कार्ड, त्यावर नाव, जन्मसाल, मृत्युसाल, कार्य, आणि सगळ्यात खाली पुरावा. मेलेला माणूस कोशवाल्यांना सोयीचा, तो पुढे काही करून ठेवत नाही. जिवंत माणसाचं कार्ड आलं की सगळे सावध होतात. नियमच आहे, की जिवंत माणसाची नोंद घ्यायची तर एकाही सभासदाचा लेखी आक्षेप नको. आणि आमचे अध्यक्ष आबासाहेब. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. माणूस लबाड नाही, पण करडा आहे. तसदीक, म्हणजे शहानिशा, झाल्याशिवाय नाव चढणार नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दीक्षाचं नाव मीच मांडलं, सप्टेंबरात, तिच्या गोळाफेकीसाठी. एक गृहस्थ म्हणाले, चोवीस वर्षांच्या पोरीचं चरित्र ते काय, अजून तिचं लग्नही व्हायचंय. दुसरे म्हणाले, अपंगांच्या स्पर्धा म्हणजे कौतुकाचा मामला, तिथे हरतं कोण? मला संताप आला. मागच्याच महिन्यात आम्ही गौलीगुड्याच्या तालमीतल्या एका पैलवानाची नोंद घेतली होती, त्याने म्हणे उधळलेला रेडा शिंगं धरून बसवला. पुरावा काय, तर आबासाहेबांच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिला. तेव्हा कुणाला तसदीक आठवली नाही. पैलवान त्यांच्या जातीतला होता आणि दीक्षा तुझी मुलगी आहे, फरक एवढाच. हे मी इतक्या उघड शब्दांत बोलले नाही, पण ज्यांना ऐकू जायचं त्यांना गेलं. त्यातल्या त्यात आबासाहेबांचा मुलगा युवराज माझ्या बाजूने आला. त्याचे आबिड्सला कॉम्प्युटरचे क्लासेस आहेत, कमरेला पेजर असतो, आणि कोशाचा कागद तोच देणार आहे. त्याला दीक्षाचा फोटो थेट मुखपृष्ठावर हवाय. "आंटी, पुराने लोगां बहुत हो गए, एक यंग चेहरा होना," म्हणाला. बापलेकांची जुंपली. शेवटी मूळ कागद मागवून ठरवायचं, असं ठरलं. मी तुला लिहिलं. तू लगोलग फाइल पाठवलीस आणि वर चिठ्ठी लावलीस, की नोंद याच खंडात यायला हवी, पुढच्या खंडावर टाकू नकोस, त्रिवेणी. "याच" शब्दाखाली दोन रेघा. मी हसले. म्हटलं, बाप झाला तरी माणूस किती उतावीळ.

फाइल यायच्या आधीची एक गोष्ट आहे. फोटोसाठी मी दीक्षाला आबिड्सला घेऊन गेले होते, दसऱ्याच्या आदल्या शनिवारी, तिची बँक दुपारी सुटल्यावर. फोटोवाल्याचा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर. दोन्ही कुबड्या एका बगलेत धरून, कठड्याला रेलून ती एकेक पायरी चढत होती. मी हात पुढे केला तर म्हणाली, "नक्को मावशी, तुम्ही पडाल, मग दोघींना मलाच उचलावं लागंल." पोरीची जीभ तुझ्यावर गेलीय. वर गेल्यावर फोटोवाल्याने सांगितलं, गोळा एका हाताने खांद्यापाशी धरा. आधी तिने तो दोन्ही हातांनी उचलला. मग डावा हात काढला. गोळा क्षणभर राहिला आणि निसटून खाली आला, फरशीला चीर गेली. फोटोवाला ओरडला. दीक्षा हसत सुटली. मला म्हणाली, "बोटं ऐकेनात मावशी आजकाल. आळशी झालीत. आता दीडशेच्या दोनशे फेका करते रोज, मग बघा." नंतर खाली चहा घेतला, तर पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यायली. आणि बँकेतली गंमत म्हणून सांगितलं, की स्वतःच्याच खात्यातून पैसे काढायला गेले तर सही जुळेना, मॅनेजर म्हणाला तुमची नवी सही नोंदवून घ्या. तेव्हा मीही हसले.

मग तुझी फाइल आली. तू ती पदकांच्या मानाने लावली होतीस, सुवर्ण वर, कांस्य तळाला, मधे वर्तमानपत्रांची कात्रणं. कोणताही बाप लावेल तशी. पण कोशाचं काम करणारी बाई फाइल तशी ठेवत नाही. आमचा हात सवयीने आधी दोरी सोडतो आणि कागद सालवार लावतो. मी तेच केलं. एका फुलस्केपवर तक्ता केला, साल, गाव, गट, अंतर, क्रमांक. मद्रास, त्र्याण्णव, उभं राहून फेकणाऱ्यांचा गट, सात मीटर बारा, तिसरी. बंगलोर, चौऱ्याण्णव, खुर्चीत बसून फेकणाऱ्यांचा गट, पाच मीटर चौऱ्याऐंशी, पहिली. या वर्षी फेब्रुवारीत दिल्ली, त्याहून अशक्त असलेल्यांचा गट, चार मीटर एक्केचाळीस, पहिली, आणि राष्ट्रीय विक्रम. तक्ता नेटका झाला म्हणून मी स्वतःवर खूश होते. आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो मीच आबासाहेबांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ नुसतं बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाईसाहेब, अंतर घटतंय आणि पदक चढतंय, ही कुठली तरक्की?" कुणाला कळेना, तेव्हा त्यांनीच समजावून सांगितलं. या स्पर्धांत दरवेळी डॉक्टर खेळाडूला तपासतात आणि अंगात ताकद किती त्यावरून गट देतात, बरोबरीच्यांची गाठ बरोबरीच्यांशी पडावी म्हणून. ज्या पोरीला उभ्याने तिसरं यावं लागलं ती पुढच्या वर्षी खुर्चीत बसली आणि पहिली आली. तिथेही कोणी वरचढ निघेल म्हणून आणखी दुबळ्यांच्या गटात गेली आणि विक्रम केला. पोलिओ झालेला पाय लहानपणी जेवढा जातो तेवढाच, माणूस चोविसाव्या वर्षी नव्याने लंगडा होत नाही. "हा सरासर धोका आहे," म्हणाले. "डॉक्टरासमोर सोंग केलंय." मी म्हटलं, मी तिला ओळखते. ते म्हणाले, ओळख हा पुरावा नव्हे. त्या पैलवानाच्या वेळी होता, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तक्ता माझाच होता देवराव, माझ्याच अक्षरातला, आणि तो त्यांच्याच बाजूने बोलत होता.

नोंद नाकारली तर एक वेळ चालेल. कोशात नाव नसल्याने कुणाचं पोट रिकामं राहत नाही. पण आबासाहेब तेवढ्यावर थांबणारे नाहीत. त्यांनी दोन अर्ज लिहून तयार ठेवलेत, एक खेळाडूंच्या संघटनेला, दुसरा तिच्या बँकेला. बँकेला अशासाठी, की तिची नोकरी अपंगांच्या राखीव जागेवरची आहे, आणि सोंग करणारीचं ते प्रमाणपत्रही तपासून पाहावं. यात त्यांना आकस दिसत नाही, कर्तव्य दिसतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. तुझ्या-माझ्यासारख्याला माहीत आहे, तुमच्यातल्या एखाद्याची एक चूक निघाली की कशी राखीव जागांची सगळी यादी बाहेर काढली जाते. मी हातापाया पडून मुदत मागितली. चोवीस तारखेच्या बैठकीपर्यंत थांबतो म्हणाले, तुमचा मान म्हणून. त्या दिवशी मी खुलासा केला तर ठीक, नाहीतर अर्ज त्याच दुपारी टपालात पडतील.

भाऊबीज झाल्यावर परवा दुपारी मी फाइल पुन्हा काढली. यावेळी पदकं बाजूला ठेवली आणि डॉक्टरांची तीन प्रमाणपत्रं तेवढी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी लावली. मी डॉक्टर नाही, पण वाचता येतं. त्र्याण्णव, उजवा पाय अशक्त, डावा ठीक, दोन्ही हात पूर्ण ताकदीचे. चौऱ्याण्णव, दोन्ही पाय अशक्त, हात ठीक. शहाण्णव, दोन्ही पाय, उजव्या हाताची पकड निम्म्यावर, डाव्या हातात सुरुवात. तीन गावं, तीन डॉक्टर, कुणी कुणाचा कागद पाहिलेला नाही. तिघांनीही कारणाच्या जागी पोलिओ लिहिलंय, कारण तिने तसं सांगितलं, कारण तुमच्या घरी गौलीगुड्यात सगळे तसंच म्हणत आले. आपल्याकडे पोर लंगडलं की पोलिओ, पुढे विचारायचं काम नाही. फक्त दिल्लीच्या डॉक्टरने त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकलंय आणि खाली लिहिलंय, की मज्जातंतूंच्या तज्ज्ञाला दाखवावं. खाली गेलेल्या त्या आकड्यांत लबाडी नाही. पोरीचं अंग चाललंय, देवराव. दर वेळी ती वर चढली, कारण दर वेळी ती आणखी थोडी कमी झाली होती.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना मी कुणाचं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, पोलिओ जे न्यायचं ते सहसा एकदाच नेतो, असा वर्षावर्षाला वर चढत नाही. घरात आणखी कुणाला आहे का, विचारलं. आणि रोज वजन फेकायची कसरत वाढवलीय हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, असा आजार असेल तर तो स्नायू मेहनतीने भरून येत नाही, झिजतो, पेशंटला आधी थांबवा आणि लवकर घेऊन या. मी घरी आले. संध्याकाळचे पाच वाजले होते. त्या वेळेला ती मैदानावर असते. दोनशे फेका.

घरात आणखी कुणाला, हे ऐकल्यापासून मला तुझी सखू दिसतेय. त्र्याऐंशी साली मी तुमच्याकडे आले होते, आठवतं? तू ड्यूटीवर होतास. सखूने चहा टाकला, कप पुढे करताना बशीत सांडला, ओशाळली. दीक्षा तेव्हा अकराची असेल, नुकती पाय ओढायला लागली होती, तापबीप काही आलेला नसताना. मी बघत होते, त्या पोरीने आईला भिंतीकडे वळवलं आणि पाठीमागून तिच्या चोळीचे हुक लावून दिले, रोजचंच काम असल्यासारखे. सखू मला म्हणाली, "बाई, बोटं माजी ऐकंनाशी झालीत." वर्षभराने ती गेली. तू मला कळवलंस, अशक्तपणा फार होता. मी ते तसंच मानलं. आबिड्सच्या स्टुडिओत पोरीने तेच वाक्य माझ्यासमोर म्हटलं आणि तरी मला ऐकू आलं नाही, कारण ती हसत होती.

आता जे लिहायचं ते लिहिते. त्या तिन्ही फॉर्मांवर डॉक्टरच्या मजकुराआधी एक छापील ओळ आहे, कुटुंबात असा आजार कुणाला आहे का. त्र्याण्णवला उत्तर 'नाही'. चौऱ्याण्णवला 'नाही'. शहाण्णवला इंग्रजीत 'मदर'. तिन्ही उत्तरं एकाच हातची. इंग्रजी 'टी'ला आडवी रेघ द्यायला तू कॉलेजातही विसरायचास, आणि त्या 'मदर'मध्येही ती नाही. म्हणजे फेब्रुवारीपासून तुला माहीत आहे. कदाचित आधीपासूनही असेल, आणि पहिल्या दोन वेळी 'नाही' लिहिताना तुझा हात अडखळला असेल, ते कागदावर दिसत नाही. "याच" शब्दाखालच्या दोन रेघा मला परवा कळल्या. पुढचा खंड निघायला सहा वर्षं लागतील. तू हिशेब केला होतास. कोशात तिचं नाव जिवंतपणी यावं, तिने ते आपल्या हातात धरून वाचावं, एवढंच तुला हवं होतं, आणि मी तुला उतावीळ म्हणून हसले.

तुझ्यावर रागावायचं मी ठरवलं होतं, जमलं नाही. एकसष्ट साली तू आमच्या दाराशी आलास आणि वडिलांनी तुला ओसरीवरूनच परतवून लावलं, तेव्हा मी आतल्या खोलीत होते. सगळं ऐकत होते. बाहेर यायला सात पावलं पुरली असती. पुढे माझा संसार चांगला झाला, तुझाही झाला, त्याबद्दल आता तक्रार नाही. पण माणूस भीतीने गप्प बसतो तेव्हा स्वतःला काय काय सांगत असतो, ते मला पाठ आहे. उद्या बोलू. दिवाळी होऊ दे. पोरीची स्पर्धा होऊ दे. तू नऊ महिने हेच केलं असणार. आणि तो कागद फाइलीतून काढून घेणं तुला सहज जमलं असतं, तो तू काढला नाहीस. विसरलास की मी वाचावा म्हणून राहू दिलास, हे तूच जाणे. मी आपली समजूत करून घेतलीय, की राहू दिलास.

म्हणून हे पत्र. ती तीन प्रमाणपत्रं बाकीच्या सात जणांपुढे ठेवली तर आबासाहेबांचे अर्ज जागच्या जागी फाटतील, ते स्वतः फाडतील, आणि नोंदही होईल. दीक्षाचं नाव वाचवायला माझ्याकडे दुसरा कागद नाही. पण जे तिला स्वतःला माहीत नाही ते मी आधी त्या माडीवर सांगणार नाही, आणि तिने नको म्हटलं तर सांगणारच नाही, मग अर्ज गेले तरी बेहत्तर. ते तिच्या अंगाचं आहे, ते तिनेच ठरवायचं, तू नाही आणि मीही नाही. हे पत्र मी आज आबिड्सच्या पोस्टात स्वतः जाऊन स्पीड पोस्टाने टाकतेय, शनिवारपर्यंत तुला मिळेल. रजा काढ आणि ये. तिला समोर बसवून सांग, आणि सोमवारी तज्ज्ञाकडे ने, तोवर गोळ्याला हात लावू देऊ नकोस. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी, तेवीस तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत मी तुझी वाट पाहीन. तू आला नाहीस तर मी गौलीगुड्याला जाईन आणि तिला सगळं सांगेन, मला जमेल तसं. आणि तिने विचारलं, की मावशी, बाबांना हे माहीत होतं का, तर मी खोटं बोलणार नाही.

तुझ्या लेकीचं भलं चिंतणारी, आणि अजून तुझीच,
त्रिवेणी